दोन जिवांची

धोपाव्याच्या फेरीत चढताना
शिट्टीवाला पोरगा ओरडतो, "मॅडम, इंजिन बंद करा!"
बंदच आहे, मी सांगते.
तो बॉनेटवर हात ठेवून बघतो
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि मग माझ्याकडे,
जणू मीच काहीतरी लपवलंय.

मागे थंड पेटीत एकवीस जणांचं रक्त.
साखर, हिमोग्लोबिन, कुणाचं थायरॉईड.
बाराच्या आत चिपळूण गाठायचं, रोज.
त्यासाठी तर घेतली ही,
एक जीव पेट्रोलचा, एक विजेचा.
दोन जिवांची म्हटल्यावर काळजी आलीच.
सासरे एवढंच म्हणाले,
"दोन घरचा पाहुणा उपाशी."

शोरूममधला मुलगा गोड बोलायचा.
बॅटरीला आठ वर्षं वॉरंटी.
नवव्या वर्षी काय, विचारलं
तर त्याने चहा मागवला.

वैभव शिगवण, माझा मेकॅनिक,
जुन्या गाडीचं पोट पंधरा वर्षं फाडून शिवणारा,
हिच्या नारिंगी वायरींना हात लावत नाही.
"ताई, जीव जाईल एवढा करंट आहे ह्यात."
पाना खिशात घालतो,
उगाच आरसा पुसून देतो,
पैसे घेत नाही.
ते मला जास्त लागतं.

मागच्या सीटखाली एक बारीक जाळी आहे,
बॅटरी तिथून श्वास घेते.
हे पुस्तिकेच्या एकशे बाराव्या पानावर कळलं.
तोवर वर्षभर त्या जाळीला टेकून
सुक्या बोंबलांची पिशवी.
खवले, वाळू, एक मेलेली माशी,
दात घासायच्या जुन्या ब्रशने सगळं काढलं.
एसी लावला की वास अजून येतो.

गणपतीत नऊ दिवस उभी राहिली
तर मोठी बॅटरी ठणठणीत, छोटी मेली.
चुलतदिराच्या रिक्षाला वायर जोडून
तिला उठवावं लागलं.
सगळी आळी बघायला.

पण खरी काळजी ह्यातली एकही नाही.

बंदरावरच्या गल्लीत याकूबबाबा होडेकर
रस्त्यात पाय पसरून जाळी विणतात.
डोळे जाऊन नऊ वर्षं झाली.
कुठली बोट कुणाची,
कुठल्या सिलिंडरला खोकला झालाय,
किनाऱ्यावर बसून सांगतात.

मार्चमधल्या एका संध्याकाळी मी उतारावरून आले.
उताराला ती नुसती वाहते.
थांबले तेव्हा
त्यांचा अंगठा आणि माझं चाक
ह्यांच्यात वीतभर अंतर.
अंगठ्यात दोरा अडकवलेला.
सुई चालूच होती.

न सांगताही मला जाता आलं असतं.
उतरून सांगितलं.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत,
पायही आवरला नाही.
मग म्हणाले, "हॉर्न नको मारूस, दचकायला होतं.
येताना काहीतरी बोलत ये."

तेव्हापासून काच खाली करून
मी गल्लीत बोलत शिरते.
बाबा, बॅटरीची किंमत विचारली,
तेवढ्यात लॅबचं नवं मशीन येईल.
बाबा, विकायला काढली तर निम्मेही येणार नाहीत.
बाबा, खाऱ्या हवेनं खालून गंज धरलाय,
आणि उंदीर, बाबा, उंदराने वायर चाखली.
पाय आत ओढले जातात.
जाळंही थोडं.
उत्तर कधी मिळालं नाही,
मला नकोही होतं.

काल पेटीत त्यांचा रिपोर्ट होता.
गल्लीच्या तोंडाशी काच खाली केली
आणि काही सुचेना.
गाडी उभी. दोन्ही जीव गप्प.

सुई थांबली.
"बोंबलाचा वास आला," ते म्हणाले.
"आहेस ना? बोल की.
उंदराचं पुढं काय झालं?"